उजवी बाजू वर

क्योतोत देवळं बघायला येणाऱ्यांना देवळांपेक्षा स्वतःचे फोटोच प्यारे. कियोमिझू देवळाच्या चढावर अशांना भाड्याचे किमोनो नेसवण्यात फुसाएचं अर्धं आयुष्य गेलं होतं. डोळे मिटूनही तिचा हात चुकला नसता. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू छातीवर उजवीच्या वर. उजवी वर घेतात ती फक्त मेलेल्याला पेटीत ठेवताना.

पानं लाल व्हायचे दिवस होते. दुपार कलताना एक बाई आली. अंगाला ओल्या राखेचा वास. फुसाएने तिला करडा किमोनो नेसवला, कमरपट्टा घ्यायला वळली आणि पाहते तो उजवी बाजू वर!

"अगबाई, माझंच चुकलं," म्हणत तिने सोडून पुन्हा नेसवला. पुन्हा उजवीच वर. बाईचे हात तर नुसते लोंबत होते. म्हातारी झाले की काय मी, फुसाएला काही उमजेना.

"राहू द्या हो," बाई हळूच म्हणाली. "आमच्यात असंच असतं... आणि तो निळा बाजूला ठेवा. माझी सोबतीण येतेय मागून."

"नाव काय त्यांचं?"

"येतेय हे तिचं तिलाही ठाऊक नाही अजून..."

गिऱ्हाईक म्हटलं की नाना तऱ्हा. फुसाएने निळा काढून ठेवला. बाई तशीच बाहेर पडली.

दिवेलागणीला ओसाकाहून तिची लेक मिहोको सुट्टीला आली. "आई, खायला कर काहीतरी. मग दिव्यांत पानं बघून येते!"

फुसाए शेवयांचं आधण ठेवून बाहेर आली. मिहोको आरशापुढे निळा नेसून उभी होती. उजवी बाजू वर.

"कार्टे! मढ्यासारखा काय नेसलीस?"

"काहीतरीच! तू शिकवलास तसाच तर..." मिहोकोने खाली पाहिलं.

फुसाएने निळा ओरबाडून काढला, कोपऱ्यात भिरकावला. आपल्या अंगावरचा जाडा झगा लेकीला गुंडाळला, डावी बाजू वर घेतली आणि दोन्ही तळव्यांनी छातीशी गच्च दाबून धरली. काय वाट्टेल ते होवो, ती सोडणार नव्हती.

तळव्यांखाली कापड हळूहळू सरकू लागलं. ओल्या राखेचा वास आला.

"आई," दाराकडे बघत मिहोको कुजबुजली, "सोड ना... त्या करड्या किमोनोवाल्या ताई किती वेळ थांबतील गं?"

फुसाएने तिला त्या बाईबद्दल अवाक्षरही सांगितलं नव्हतं.