जिन्यावरून सांगितलेल्या आज्ञा

सातारच्या बसस्थानकावर ऑक्टोबरअखेरच्या एका दुपारी परतीचा पाऊस असा आडवा आला, की सांगलीच्या फलाटावरचे सारे प्रवासी एकदमच मागे सरकले. त्या रेट्यात ज्ञानदाच्या पिशवीतून एक फिकट निळी, चपटी केबल ओल्या फरशीवर पडली. ती उचलायला ज्ञानदा वाकली, तोच दुसरा एक हात तिच्याआधी तिथे पोहोचला.

"ही तुमची... की माझी?" हाताच्या धन्याने विचारले. त्याच्या दुसऱ्या हातात हुबेहूब तशीच केबल होती.

ज्ञानदाने त्याला निरखून पाहिले. असली केबल पिशवीत घेऊन हिंडणारी माणसे साऱ्या जिल्ह्यात वीस-पंचवीस असतील. तिचे एक टोक लॅपटॉपला आणि दुसरे थेट रूटरला जोडायचे. रूटर म्हणजे एका गावचे जाळे दुसऱ्या गावच्या जाळ्याला जोडणारी पेटी. तिच्याशी बोलायचे, तर काळ्या पडद्यावर एकेका ओळीची आज्ञा लिहूनच बोलावे लागते.

"माझी. टोकाला खुणेचा दोरा बांधलाय बघा."

"माझ्याही टोकाला दोरा आहे."

"माझा तांबडा आहे."

तो ओशाळून हसला. "मग तुमचीच. माझा पिवळा. सांगलीला जायचं म्हणून हळदीच्या रंगाचा घेतला."

त्याचे नाव मुकुल. गाव विटा. कृष्णातीर निदान केंद्राच्या सांगली शाखेत रूटर सांभाळण्याची नेमणूक त्याने तासाभरापूर्वीच सातारच्या मुख्य केंद्रातून हातात घेतली होती. ज्ञानदा त्याच मुख्य केंद्रात त्याच कामावर होती, आणि सांगलीची जागा रिकामी असल्यामुळे तिथला रूटर तपासायला निघाली होती. बसमध्ये शेजारी बसून कराड येईपर्यंत दोघे भांडले.

भांडणाचा विषय असा. रूटरला दिलेली आज्ञा लगेच लागू होते; पण ती जतन केली नाही, तर पेटी बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर तिला काहीच आठवत नाही. मुकुलचे म्हणणे, आज्ञा दिली की जतन करावी. एकदा वीज गेली आणि त्याची दिवसभराची मेहनत पुसली गेली होती. ज्ञानदाचे म्हणणे नेमके उलट. मेढ्याच्या शाखेत तिने एकदा न तपासता जतन केलेली एक चूक निस्तरायला तिला जीपने घाट चढावा लागला होता.

"म्हणजे तुमचा चुकीवर विश्वास आहे," तो म्हणाला.

"आणि तुमचा विजेवर नाही."

"तुम्ही प्रत्येक गोष्ट इतकी तपासून मगच पक्की करता?"

"प्रत्येक."

"बाप रे!" तो खिडकीबाहेर पाहत पुटपुटला. ज्ञानदाला उगीचच गालांवर ऊन लागल्यासारखे वाटले.

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितली नाही. दूरच्या रूटरला हात घालण्याआधी ती गुपचूप एक आज्ञा देत असे: 'रीलोड इन टेन'. दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू हो. काम नीट झाले, तर ती आज्ञा रद्द करायची. काही बिघडले, तर पेटी जुन्या स्मृतीसह जागी होणार आणि चूक पुसली जाणार. परतीची वाट राखल्याशिवाय पाऊल टाकत नाही, हा आपला भित्रेपणा चारचौघांत सांगावा, असे तिला कधीच वाटले नव्हते.

पुढे रोज सकाळी अकराला केंद्राच्या अंतर्गत फोनवर दोघांचे बोलणे होऊ लागले. आधी कामाचे, मग कामाच्या आडून.

"आज साडेनऊलाच आलात ना?" एकदा त्याने विचारले.

"तुम्हाला सांगलीत बसून काय कळलं?"

"रूटरला विचारलं, आत कोण कोण आहे? त्यानं तुमचं नाव दाखवलं. मी रोजच विचारतो. पडद्यावर ते नाव दिसलं, की..."

"की?"

"की जाळं ठीक चाललंय, असं समजतो."

त्या दिवसापासून काम संपल्यावरही ज्ञानदा सांगलीच्या रूटरमधून लगेच बाहेर पडेनाशी झाली. हे तिने स्वतःशीसुद्धा कबूल केले नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी तो एकदम म्हणाला, "वडिलांचा निरोप आलाय. मदुराईला त्यांचं सोनं गाळायचं दुकान आहे. विट्याची निम्मी घरं त्याच धंद्यात आहेत. त्यांचे डोळे अधू झालेत, रविवारी ये म्हणतात. येतो की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

ज्ञानदाच्या हातातले पेन थांबले. "मग?"

"तुम्ही हो म्हणालात, तर धाकट्या भावाला पाठवतो, तो तयार आहे. आणि शनिवारी वाईला येऊन तुमच्या घरच्यांना भेटतो. नाही म्हणालात, तर भट्टीपुढे जाऊन बसतो. तिथं रूटर नसतात. म्हणजे... तिथं तुमचं नाव कुठंच दिसणार नाही."

"मला विचार करू द्या."

"तपासून बघा," तो हसून म्हणाला. त्या हसण्यात भीती होती. ती तिला स्पष्ट ऐकू आली.

तीन दिवस तिने तपासले. तिचे वडील चिंतामणराव वाईच्या घाटावर पूजा सांगतात. घरी आलेल्या कुणालाही ते पाणी देतात, आपुलकीने चौकशी करतात. पण पोरीसाठी आलेल्याचे आडनाव ऐकून घरात कशी शांतता पसरते, ते तिने थोरल्या बहिणीच्या वेळी पाहिले होते. ती शांतता दोन वर्षे टिकली होती. ज्ञानदा मनातल्या मनात संवाद रचत होती, वडिलांचे आक्षेप स्वतःच मांडत होती, स्वतःच खोडत होती, आणि दर वेळी अखेरच्या एका प्रश्नापाशी अडत होती: आपण हो म्हटले आणि ते मोडले, तर?

शुक्रवार उजाडला. अकरा वाजता फोन कानाशी, हात कळफलकावर. सकाळपासून कुणी अनोळखी बाहेरून सांगलीच्या रूटरचे दार ठोठावत होते. त्याला अडवणारी यादी घालायची होती. या यादीत कुणाला येऊ द्यायचे, त्याच्या ओळी लिहितात. अखेरीस न लिहिलेली, न दिसणारी एक ओळ असते: वर ज्याचा उल्लेख नाही, त्या प्रत्येकाला मज्जाव.

तिने सवयीने आधी दहा मिनिटांची आज्ञा दिली. मग यादी लिहिली.

"ज्ञानदा," तिकडून आवाज आला, "आज शुक्रवार आहे."

"माहीत आहे." तिने डोळे मिटले. "मुकुल, मी ठरवलंय... म्हणजे माझं म्हणणं असं आहे, की..."

आणि बोलता बोलता तिच्या बोटाने यादी लागू केली.

फोन मुका झाला. पडद्यावरचा ठिपका लुकलुकायचा थांबला. यादीत तिने विट्याची शाखा घातली होती, मेढ्याची घातली होती. सातारचे मुख्य केंद्रच घालायचे राहिले होते. तिने स्वतःलाच दाराबाहेर ठेवले होते, आणि अंतर्गत फोनही त्याच वाटेने जात असल्याने तोही तुटला होता.

तिने त्याचा मोबाइल लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. सांगलीचा रूटर तळघरात. तिथे कसलाच सिग्नल पोहोचत नसे.

"सांगलीचा स्कॅन येईना गं," शेजारच्या खोलीतून डॉक्टर अनसूयाबाई आल्या. शाखाशाखांतून येणारी छायाचित्रे वाचून अहवाल त्याच देत. "बाई पडलीय, डोक्याला मार आहे. किती वेळ?"

"दहा मिनिटं, मॅडम. आपोआप येईल."

दहा मिनिटे गेली. बारा गेली. पेटी उठायला लागणारा वेळ धरूनही सारे होऊन जायला हवे होते; पडदा तसाच निर्जीव. तो काय समजला असेल? ऐन उत्तराच्या क्षणी हिने फोन ठेवला, असेच ना?

सोळाव्या मिनिटाला मोबाइल वाजला.

"ज्ञानदा!" मुकुल धापा टाकत होता. "जिन्यावर आलोय. रूटर बंद होऊन सुरू झाला, पण सातारा लागत नाही. आणि... माझ्याकडून काही चुकलं का? पडद्यावर इशारा आला, पाच मिनिटांत बंद होणार म्हणून. मला वाटलं, तुमची सकाळची मेहनत पुसली जाईल. तुम्ही तर कधी लगेच जतन करत नाही. म्हणून... मी जतन केलं. तुमच्यासाठी."

ज्ञानदा खुर्चीत मागे टेकली. रागवायला हवे, हे तिच्या ध्यानात आले. पण राग येईना. तिची चूक तिच्यासाठीच जपून ठेवणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

"ती पुसलीच जायला हवी होती," ती म्हणाली. "मीच लावून ठेवलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, ही माझी चूक. आता एक ओळ घालायचीय. खाली सिग्नल नाही, मग कसं करायचं?"

तिकडे कुजबुज झाली. मग एक खणखणीत, पहाडी आवाज आला:

"आवं बाई, मी आकाराम. ज्या बाईचं डोस्कं फुटलंय, तिचा मालक. ह्यो साहेब खाली पेटीम्होरं बसतोय, मी जिन्यात हुबा ऱ्हातो. तुमी सांगा, मी खाली पुकारतो."

"आकडे आहेत, दादा. एकही चुकून चालणार नाही."

"हळदीच्या सौद्यात वीस वरसं वजनं पुकारतोय. बोला."

"त्यांना म्हणावं, पाच, परमिट, आयपी..."

"परमिट ठाव हाय. टेम्पोचं काढतो की." आणि मग सारे केंद्र दुमदुमेल असा घोष: "पाऽऽच! परमिट! आयपी!"

खालून अस्पष्ट काही आले. आकाराम म्हणाला, "साहेब म्हनत्यात, समदी यादीच काढून टाकतो, लवकर हुईल."

"अजिबात नाही! सांगा त्यांना, बाहेर कुणीतरी दारात उभा आहे अजून. यादी राहणार, फक्त ही ओळ तिच्या डोक्यावर येणार."

"बाई न्हाई म्हनत्यात! दारात मानूस हाय! ...साहेब म्हनत्यात, तुमी लय हट्टी हायसा."

"त्यांना म्हणावं, हे त्यांना कराडपासून माहीत आहे."

अनसूयाबाई चष्म्यावरून पाहत होत्या. ज्ञानदाने पाठ वळवली आणि सातारच्या जाळ्याच्या पत्त्याचा एकेक आकडा सांगितला: दहा, वीस, चार, शून्य, मग तीन वेळा शून्य, शेवटी दोनशे पंचावन्न. तो प्रत्येक आकडा त्याच तोलाने जिन्यावरून उतरत गेला, आणि खालून तसाच परत वर आला. एक शून्य सांडले, तर पुन्हा सारे पहिल्यापासून. आणि त्या माणसाची बायको तिथे पडून आहे.

पडद्यावरचा ठिपका हलला.

सांगली आली. पाठोपाठ शेजारच्या खोलीत स्कॅनचे काप एकेक करून उमटू लागले. अनसूयाबाई वाकून पाहत राहिल्या. जिन्यातल्या माणसाचा श्वास ज्ञानदाला फोनमधून ऐकू येत होता.

"आत रक्तस्राव नाही," अखेर अनसूयाबाई सरळ होत म्हणाल्या. "हाडही शाबूत आहे. टाके घालायचे, दोन दिवस दवाखान्यात ठेवायचं, मग घरी."

ज्ञानदाने ते जसेच्या तसे सांगितले. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला.

"लय उपकार झालं, बाई... आता खाली आनि काय सांगायचंय? का ठेवू?"

ठेवा, असे तिने म्हणायला हवे होते. अंतर्गत फोन सुरू झालाच होता. संध्याकाळपर्यंत शब्द जुळवता आले असते, आवाज स्थिर करता आला असता. आता बोललेले मात्र एका परक्या माणसाच्या तोंडून साऱ्या शाखेसमोर जाणार. ते मग मागे घेता येणार नाही.

"दादा," ती म्हणाली, "त्यांना सांगा... उद्या शनिवार आहे. वाईला या म्हणावं. घरी."

पुकारा झाला, सौद्यात होतो तसा: "बाई म्हनत्यात, उद्या शनवारी वाईला याऽऽ! घरी!"

ज्ञानदाने मोबाइल कानाशी घट्ट धरला.

"काय म्हणाले?" ज्ञानदाला आपलाच आवाज ओळखू येईना.

"गप हाय गडी."

"ऐकलं तरी का त्यांनी?"

"आवं, अख्ख्या सांगलीनं ऐकलं." तो थांबला. खालून चाचरत काही आले असावे. "आता इचारतोय... तुमच्या वडलांनी आडनाव इचारलं, तर काय सांगू?"

ज्ञानदा उठून उभी राहिली. अनसूयाबाई अजून तिथेच होत्या, असू देत.

"म्हणावं, आहे तेच सांगा. मी शेजारी बसलेली असेन."

"बाई शेजारी बसनार हायऽऽत!" आकारामने पुकारले, आणि लगोलग त्याच्या शब्दांवर जिन्यातली पावले वाजू लागली... दोन-दोन पायऱ्या एकदम, वर येणारी.