दाराकडे पाठ

ड्रायव्हर तबेल्यातून ओरडत सुटला तो थेट बसच्या दाराशी येऊन थांबला.

"गवतात बाई आहे! मेलीय!"

बागेत पांगलेली सहलीची मंडळी धावली. वाळल्या गवताच्या ढिगातून दोन पाय बाहेर आले होते, पांढरे आणि ताठ. डॉक्टरबाईंनी पुढे होऊन गवत बाजूला केलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी लोकांना भूल देण्याचं काम केलं होतं. माणूस आहे की गेलं, हे त्यांना हात लावताच कळायचं. पण इथे हात लावला आणि त्यांनाच कसंसं झालं. ती मेणाची बाई होती. अंगात नुसता आतला झगा, डोकं बोडकं, गालांवर नवाकोरा गुलाबी रंग.

सगळ्यांना हसू फुटलं. ड्रायव्हर खजील झाला. "डुलकी काढायला सावली बघत होतो हो, पायाला पाय लागला!"

मागून व्यवस्थापक आले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "जुना पुतळा आहे. रंगवायला काढून ठेवलाय. घाबरू नका."

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. गवतातले पाय दिसले तेव्हा त्यांच्या मनात एकच माणूस आलं होतं, त्यांच्या थोरल्या जाऊबाई. आणि एवढा आरडाओरडा होऊनही जाऊबाई आल्या नव्हत्या. चार माणसं जमली की पाचव्या जाऊबाई, हा त्यांचा लौकिक. 

सकाळी बसमध्ये जाऊबाईंची टकळी थांबेना, तेव्हा त्या फटकन बोलून गेल्या होत्या, "एक दिवस तरी गप्प बसा हो, जाऊबाई!" जाऊबाई खरंच गप्प बसल्या. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"तुझी आई कुठे आहे?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

"तुमच्याबरोबर नव्हती, काकू? मी फोनवर होतो. मला वाटलं, तुमची दिलजमाई झाली असेल."

"तू शेवटचं कुठे पाहिलंस?"

"खालच्या दिवाणखान्यात. ते उंच घड्याळ बघत होती."

ते डॉक्टरबाईंनाही आठवत होतं. हे मळ्यावरचं घर वसाहतीच्या काळात समुद्रापलीकडून आलेल्या एका कुटुंबाने बांधलेलं, आता त्याचं संग्रहालय झालेलं. गाईड मुलीने सगळ्यांना आधी वरच्या खोल्या दाखवल्या. प्रत्येक दारात कमरेएवढं कुलूपबंद फाटक, आत जुनं सामान आणि त्या कुटुंबातल्या माणसांचे मेणाचे पुतळे. "या घरात कुणीही दाराकडे पाठ करून बसत नसे," ती म्हणाली होती. "कधी हल्ला होईल याचा नेम नव्हता. म्हणून सगळे पुतळेही आम्ही दाराकडे तोंड करूनच बसवतो. आणि प्रत्येक पलंगाशेजारचा हा दोर छपरावरच्या घंटेचा. धोका दिसला की ओढायचा. घंटा अजून वाजते हं, तेव्हा कृपा करून ओढू नका." जमीन दुसऱ्याची बळकावल्यावर पाठ दाखवायची भीती वाटणारच, असं डॉक्टरबाईंच्या मनात येऊन गेलं होतं.

मग सगळे खाली आले. तिथे व्यवस्थापक स्वागताला उभे होते. "वरचं सगळं या पोरीकडे," ते हसून म्हणाले होते. "वर्ष झालं मला इथे येऊन, पण हिची गोष्ट ऐकायला अजून सवड झाली नाही. फायलींतून डोकं वर निघेल तेव्हा ना!"

जाऊबाई घड्याळापुढे उभ्या होत्या. त्यांच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि जाऊबाईंचा अर्धा जन्म त्या गल्ल्यामागे गेलेला. कान देऊन त्या म्हणाल्या होत्या, "लंबक एकीकडे, टिकटिक भलतीकडे. याच्या पोटात काहीतरी काळंबेरं आहे."

"या ना आजी, चहा घेता घेता सांगा," व्यवस्थापक म्हणाले होते. बाकीची मंडळी गाईडमागून बागेत गेली.

आता डॉक्टरबाईंनी त्यांनाच गाठलं. "चहानंतर त्या कुठे गेल्या?"

"तळ्याकडे. मोकळी हवा हवी म्हणाल्या."

"एकट्याच?"

"मी म्हटलं, सोबत देतो. ऐकेनात. घरात शोधू नका, वरची एकूणएक खोली मी आत्ताच पाहून आलोय. तळ्याकडे चला, लवकर!"

तळ्याच्या काठावर जाऊबाईंची शाल मिळाली. पुतण्या मटकन खाली बसला. "आई!" त्याची हाक पाण्यावरून तशीच परत आली. कुणीतरी बांबू आणायला धावलं. ड्रायव्हर पँट दुमडून पाण्यात उतरला.

डॉक्टरबाईंनी शाल उचलली.  मग त्यांच्या लक्षात आलं, शालीची घडी घातलेली होती, काठाला काठ जुळवून. जाऊबाईंनी आयुष्यात कधी कशाची घडी घातली नव्हती. सासूबाई त्यावरून बोलून बोलून थकल्या आणि गेल्या.

शाल दुसऱ्याच कुणीतरी आणून ठेवली होती.

त्यांनी गाईडला बाजूला घेतलं. "वरच्या फाटकांच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक जुडगा माझ्या कमरेला, एक सरांकडे."

"तुझा आज कमरेवरून हलला?"

"नाही. मी तर तुमच्याबरोबरच होते की!"

"आणि तो पुतळा रंगवायला काढलाय म्हणाले."

मुलगी गोंधळली. "पुतळे गेल्याच महिन्यात रंगवले. मलाही नवल वाटलं, पण सरांपुढे काय बोलणार?"

"जुडगा दे. माझ्या पुतण्याला घेऊन मागोमाग ये. कुणाला सांगू नकोस."

घरात चिटपाखरू नव्हतं. दिवाणखान्यात घड्याळ टिकटिकत होतं, लंबक आपला वेगळाच झुलत होता. डॉक्टरबाई जिना चढल्या. पायरी करकरली की त्या थांबत, कानोसा घेत. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण गवतातल्या त्या बाईचे कपडे कुठे गेले, हा प्रश्न त्यांना वर ढकलत होता.

पहिल्या खोलीतून घरमालक त्यांच्याकडे बघत होता. दुसरीतून त्याची बायको आणि मुली. काचेचे डोळे, सगळ्यांचे दाराकडे.

शेवटच्या खोलीत झुलत्या खुर्चीवर म्हातारी बसली होती. काळा झगा, झालरीची टोपी, हनुवटीपर्यंत ओढलेलं पांघरूण. तिची दाराकडे पाठ होती.

डॉक्टरबाईंनी फाटकाचं कुलूप उघडलं. त्या आत शिरल्या, पुढे जाऊन वाकल्या. पांघरूण अगदी हळू वर गेलं, खाली आलं.

"जाऊबाई!"

नाडी लागत होती, पण मंद. पापणी उचलली, बाहुली बारीक झालेली.

"त्यांना झोपू द्या, डॉक्टर."

दारात व्यवस्थापक उभे होते. त्यांनी आत येऊन फाटक मागे ढकललं. आवाज अगदी मऊ होता. "म्हातारं माणूस. तळ्यावर पाय घसरतो. तुम्ही शोधायला गेलात, तुमचाही घसरला."

 डॉक्टरबाई एकेक पाऊल मागे सरकत पलंगाला टेकल्या, आणि हाताला लागलेला दोर जीव खाऊन ओढला.

छपरावरून घंटा घणाणली. जिन्यावर पावलं धडधडली. पुतण्याने व्यवस्थापकांना मागून घट्ट पकडलं तेव्हा ते फारसे झगडलेही नाहीत.

"काकू, हे काय चाललंय?"

डॉक्टरबाई जाऊबाईंचे हात चोळत होत्या, गाल थोपटत होत्या. "आधी अँब्युलन्स बोलाव, मग पोलीस. घड्याळाचं जुनं यंत्र यांनी विकून खाल्लं आणि आत सेलवर चालणारी डबी बसवली. जाऊबाईंच्या कानांनी ते पकडलं. यांनी चहातून झोपेचं औषध दिलं, वर आणखी एक घड्याळ आहे असं काहीतरी सांगून त्यांना त्यांच्याच पायांनी इथे आणलं असणार. त्या ग्लानीत गेल्यावर पुतळ्याचे कपडे त्यांच्या अंगावर चढवले आणि पुतळा कुणाच्या नकळत तबेल्यात नेला. पुतळ्यांच्या घरात पुतळ्याकडे कोण बघतं? शाल तळ्यावर ठेवली की सगळे पाण्यात शोधणार. अंधार पडला की जाऊबाईही तिथेच जाणार होत्या."

"पण सरच कशावरून?" गाईडने विचारलं.

"चेहरा दिसू नये म्हणून खुर्ची फिरवली. तू रोज सांगतेस, आम्ही सकाळी ऐकलं, की इथे दाराकडे पाठ करून कुणी बसत नाही. शिवाय फाटकाला कुलूप होतं. म्हणजे हे करणाऱ्याकडे किल्ली होती, पण त्याने तुझी गोष्ट ऐकली नव्हती. ड्रायव्हरने ती ऐकली नाही, पण त्याच्याकडे किल्ली नाही. किल्ली असून गोष्ट न ऐकलेला माणूस या घरात एकच आहे."

"मूर्ख म्हातारी," व्यवस्थापक पुटपुटले. "टिकटिकीकडे आजवर एकाने कान दिला नव्हता."

गाईड धावत खाली गेली. घड्याळाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज वर आला, "आत रिकामं आहे! नुसती एक डबी चिकटवलीय!"

जाऊबाईंचे ओठ हलले. डॉक्टरबाईंनी कान जवळ नेला.

"मी... म्हटलं नव्हतं..." आणि मान पुन्हा कलली.

ग्लानीतल्या माणसाला झोपू द्यायचं नसतं, हे डॉक्टरबाई हजारदा इतरांना सांगत आल्या होत्या. आज सांगताना त्यांना रडू आवरेना.

"म्हटलं होतं, अगदी बरोबर म्हटलं होतं. बोला, जाऊबाई. काहीही बोला, सासूबाईंना नावं ठेवा, मला ठेवा. पण गप्प बसू नका हो."

जाऊबाईंनी एक डोळा कसाबसा उघडला.

"सकाळी तर..." त्या म्हणाल्या, आणि बोलत राहिल्या.