मलाकीचा खोकला

शनिवारी दुपारी मी आईला बोलवायला खोबरं वाळवायच्या खोपट्यात गेले. जेवण भाजायला भट्टीचे दगड तापवायचे होते. ती मांडीवर खोबरं घेऊन नुसती बसली होती.

“ऐकलंस? मलाकी खोकतोय.”

माझा भाऊ मलाकी समुद्रात बुडून तीन महिने झाले होते. मला काही ऐकू आलं नाही. पण आई हेच शेजारणीलाही बोलली, आणि संध्याकाळी पंच आमच्या दारात.

“उद्या चर्चमध्ये उभी राहा नि सांग, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नाहीतर गाव सोड,” गावप्रमुख तुइलोमा म्हणाला.

“तुम्ही मोठे आहात,” आई म्हणाली, “पण विश्वास म्हणजे काय कमरेचा लावालावा आहे, एक फेडला नि दुसरा गुंडाळला? मला ऐकू येतं, त्याला मी काय करू?”

“ठरवलं की जमतं,” पाद्री एलेकाना म्हणाले.

देवाशपथ सांगते, तिनं मनापासून प्रयत्न केला. रात्रभर प्रार्थना केली. सकाळी पांढरी टोपी घालून ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

“माझा… विश्वास नाही…”

तेवढ्यात शेवटच्या रिकाम्या बाकावरून खोकला आला. ओला, खोल, छातीत पाणी भरल्यासारखा. कुजक्या शेवाळाचा वास पसरला. साऱ्या चर्चमधले पंखे हातातल्या हातात थांबले. तुइलोमाची मान अर्धी वळली आणि तिथेच अडकली…

“स्तोत्र म्हणा!” पाद्री ओरडले.

आम्ही घसा फाडून गायलो. प्रत्येक ओळ संपली की तो खोकत होता.

बाहेर आल्यावर तुइलोमानं एकेकाला विचारलं, “काही ऐकलंत?”

“काही नाही.” “काहीच नाही.”

माझी पाळी आली. आई माझ्याकडे बघत होती.

“काही नाही,” मी म्हणाले.

संताप येतो हो! जे ऐकलं तेच बोलणारी ती खोटारडी, आणि ऐकून कानांवर हात ठेवणारे आम्ही श्रद्धाळू! सोमवारच्या बसनं तिला गावाबाहेर काढलं. पायरीवरून ती एवढंच म्हणाली, “तुला बरं जमलं गं, फेतू.”

त्या बाकावर आता कुणी बसत नाही. का, ते कुणी बोलत नाही. गेल्या शनिवारी मी चर्चमध्ये फुलं सजवायला लवकर गेले, तर पाद्र्यांची बायको गुडघ्यांवर बसून सुरीनं त्या बाकावरचं मीठ खरवडत होती. शेजारी ठेवलेली बादली मिठानं अर्धी भरली होती.

“दर आठवड्याला?” मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. “काय दर आठवड्याला?” ती म्हणाली, आणि खरवडत राहिली.