चवळीचे काळे राखणदार

"चवळीवर मावा आलाय," केतकी म्हणाली, तशी ढब्बू रोबो स्वयंपाकघरातून परात घेऊन लगबगीने आला.

"पेढे करू की बर्फी?" त्याने विचारलं.

"तो मावा नव्हे रे. ही कीड आहे."

चंद्रावरच्या वसाहतीत ताजी भाजी पिकायची ती या एकाच काचेच्या घुमटात. चवळीच्या पानांमागे मोहरीएवढे हिरवे किडे दाटीवाटीने बसले होते आणि सोंड खुपसून रस पीत होते. पानं आक्रसली होती. वेल गेला, तर पुढचं यान येईपर्यंत सगळ्यांच्या ताटात पुडीतली पेज.

"औषध फवारू या," केतकीने सुचवलं.

"आणि श्वास कुठे घ्यायचा?" वृंदामावशी म्हणाली. ती कीटकशास्त्रज्ञ (कीटकांचा अभ्यास करणारी) होती. "घुमटातलीच हवा सगळ्यांच्या घरात फिरते. त्यापेक्षा राखणदार ठेवू."

पिवळ्या अंड्यांच्या कागदी पट्ट्या तिने वेलाला अडकवल्या. "यांतून ढालकिडे निघतील," म्हणाली आणि कामासाठी दूरच्या तळावर निघून गेली.

ढालकिडा केतकीला चित्रातून ठाऊक होता. लालचुटुक, गोल, पाठीवर काळे ठिपके. पण अंड्यांतून बाहेर पडले ते काळे, काटेरी, लांबुळके जीव. मगरीची पिल्लंच जणू.

"मावशीने भलतीच अंडी आणली," केतकी म्हणाली.

"पकडू?" ढब्बूने विचारलं.

"एकूण एक."

ढब्बूने मऊ नळीने ते सगळे ओढून बरणीत भरले. केतकीने समाधानाने हात झटकले. मावा मात्र झपाट्याने वाढतच गेला.

दोन दिवसांनी ढब्बू बरणी घेऊन आला. "यातले किडे कमी होत आहेत. झाकण घट्ट आहे."

"मग जातात कुठे?"

"एकमेकांच्या पोटात."

केतकीने बरणी डोळ्यांजवळ धरली. बरणीत तिने चवळीची पानं घातली होती, त्यांना कुणी तोंडही लावलं नव्हतं. म्हणजे हे पाला खाणारे नव्हेतच. हे किडे खाणारे. तिने मावा लागलेलं एक पान आत सोडलं. जवळच्या काळ्या मगरीने एक मावा उचलला, उसाच्या कांड्यासारखा चोखला आणि लगेच दुसऱ्याला हात घातला.

केतकीने बरणी वेलाखाली नेली आणि उरलेले सगळे अलगद पानांवर सोडले.

मावशी परतल्यावर केतकीने न विचारताच सगळं सांगून टाकलं. मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"फुलपाखरू लहानपणी कसं असतं?"

"सुरवंट."

"मग ढालकिड्याने जन्मतःच नटूनथटून यायचं का? ही त्याची अळी (बाल्यावस्था). वाढत्या वयाची, त्यामुळे भूक दांडगी. किडीचा बंदोबस्त असा तिच्या शत्रूकडूनच करून घेणं, याला म्हणतात जैविक कीडनियंत्रण."

हळूहळू मावा ओसरला. अळ्यांनी पानांना चिकटून कोष केले, कोषांतून लाल ढालकिडे निघाले, वेलाला कोवळी पालवी फुटली. एका पानावर थोडा मावा उरला होता. ढब्बूने तिकडे नळी वळवली.

"राहू दे तो," केतकी म्हणाली.

"पण सफाई अर्धवट राहते."

"सगळाच संपवला तर राखणदार उपाशी मरतील. मग पुन्हा मावा आला, तर कुणाला बोलवायचं?"

"म्हणजे थोडी घाण ठेवणं, हीसुद्धा सफाईच," ढब्बू म्हणाला आणि त्याने नळी गुंडाळली.

पुढच्या महिन्यात मंगळावरच्या नव्या वसाहतीसाठी अंड्यांची शीतपेटी निघाली. मावशीने ती बंद केली आणि केतकीने झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'आतली पोरं काळी, काटेरी निघतील. घाबरू नका, जेवायला वाढा.'