मशीन नाव घेते

"दोन्हीतले कोणते घेऊ, नानाजी?" असं विचारून राह्यला नं तू, अरसलान? ठेव तो मोबाईल उलटा. लाइट तशीई गेली आहे, लवकर येत नाही. जया, तूई बस इथं. हेडफोन कसे निवडा लागते, ते माह्या एका दोस्तानं मले दाखवलं. आयका, अन् मंग घ्यायचे का नाही ते तुमचं तुम्ही पाहा.

भीमराजले तुम्ही ओळखत नाही. महागावच्या बाहेर एक जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. कोणती ते विचारू नका, मालक जिता आहे. तिथं भीमराज तीस वर्षांपासून फिटर. घर जिनिंगच्या भिंतीले लागून. माणसाले शौक एकच, गाणं. भीमगीतं म्हणू नका, जुन्या कव्वाल्या म्हणू नका, रोज जेवण झालं का दीड-दोन तास आयकल्याशिवाय झोप नाही. पण हंगाम लागला का मशीन रातभर चालते, अन् तिचा घों आवाज भिंतीतून घरात. "तबला कोणता अन् मशीन कोणती, समजत नाही यार," म्हणे. त्याची पोरगी प्रियंका नागपुरात नर्स आहे. ती म्हणाली, बाबा, बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन येतात, बिनवायरचे. चांगलेच घ्या, चिंगूसपणा करू नका.

झालं. गेल्या डिसेंबरात, अकरा तारीख, गुरुवार. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं पुसदले गेलो.

दुकानदारानं दोन जोड्या काढल्या. दोन्ही भारीच्या. भीमराज त्या अशा पाहे, जशी सोयरीक पाहून राह्यला. कानाची गादी बोटानं दाबली. चष्म्यावर लावून पाह्यलं, दांडी टोचते का. खाली वाकला, वर झाला, मान हलवली. दुकानदारानं नाचायचं एक गाणं लावलं, तर म्हणे, "गाणं राहू द्या हो. गाणं दोन्हीत गोडच लागन. मले पाह्यचं, आवाज कोणता मारते."

अन् खिशातून आपला मोबाईल काढला. आदल्या रात्री पाळीवर असताना मशीनच्या बाजूले उभं राहून पठ्ठ्यानं दहा मिनिटं मशीनचा आवाज भरून आणलता! "हे लावा तुमच्या मोठ्या स्पीकरवर." लावलं. सारं दुकान घुमाले लागलं. एक बाई लेकरू घेऊन बाहेर गेली. मी हसून हसून बेजार.

पहिल्या जोडीत आवाज अर्धा मेला. मंग त्यानं दुसरी लावली. बटण दाबलं.

"गेला!" म्हणे. "पुरा गेला, नानाजी! हे पाहा, जसं कोणी..."

अन् थांबला. तोंडावरचं हसू तसंच राह्यलं, पण डोळ्यांतलं गेलं. हेडफोन काढले. आयकलं. पुन्हा लावले. पुन्हा काढले.

"काय झालं बे?"

त्यानं हेडफोन माह्या डोक्यावर घातले. मले काहीच आयकू आलं नाही, खरं सांगतो. नुसती शांतता, विहिरीत वाकल्यासारखी. दुकानदार म्हणत होता, पहिली जोडी घ्या काका, तिचा ठेका जोरदार आहे. भीमराज म्हणाला, "दुसरी द्या."

"काहून?" मी विचारलं.

"हिच्यात माणसाचा आवाज साफ येते."

परतीच्या गाडीत बसल्यावर त्यानं मले सांगितलं. त्यासाठी तुम्हाले आधी एक रीत समजली पाह्यजे. जिनिंगच्या हॉलमंदी कोणी बोलत नाही. बोलून आयकूच येत नाही. हात हलवायचा, नाही तर टॉर्च मारायची. पण त्या घों-घोंमंदी तीन-चार घंटे उभं राह्यलं का माणसाले आपलं नाव आयकू येते. सगळ्याइले येते. म्हणून नव्या गड्याले पहिल्या रात्रीच सांगून ठेवतात, मशीन नाव घेते, ओ द्यायची नाही. ओ देऊन मागं पाह्यलं अन् हात पट्ट्यात गेला, असं झालेलं आहे. भीमराजनं स्वतः कितीक पोट्ट्याइले हे शिकवलं.

अन् दोन हंगाम आधी सरदार मेलता. भीमराजचा जिवाचा दोस्त. कव्वालीच्या पायी दोस्ती झालती त्याइची. सरदार रुईच्या खोलीत कामाले होता. मशीनमधून निघालेली रुई त्या खोलीत पडते, छतापावेतो ढीग लागते. त्या रात्री ढीग ढासळला अन् सरदार खाली गेला. अर्ध्या घंट्यानं सापडला. भीमराज भिंतीच्या या बाजूले होता, दहा पावलांवर.

मयतीच्या दिवशी सरदारच्या बायकोनं, रशीदानं, त्याले एकच विचारलं, "भाई, उन्होंने आवाज दी थी?"

हा म्हणाला, "नाही भाभी."

"अन् दिलता, नानाजी," गाडीत तो मले म्हणाला. "'भीमा, भीमा' असं आयकू आलतं मले. तीन डाव. त्याच्याशिवाय मले भीमा कोणी म्हणतच नाही. पण मी म्हटलं, मशीन असन. दोन वर्षं मनाले तेच सांगून राह्यलो, मशीनच होती. आज दुकानात मशीन बंद झाली, अन् भीमा चालूच होतं."

मी म्हटलं, मनाचे खेळ आहेत बाबू. तो म्हणे, मनाचे असन तर आज रात्री समजन.

त्याची रातपाळी होती. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, अष्टमीचा चंद्र चांगला वर आलता. पुढचं मी त्याच्या तोंडून आयकलं, अन् रातपाळीच्या दोन गड्याइच्याई तोंडून.

दोन वाजून वीस मिनिटं. भीमराज हॉलच्या मधोमध उभा राह्यला. हेडफोन घातले. गाणं लावलं नाही. बटण दाबलं.

मशीन गेली.

डोळ्यासमोर पट्टे फिरून राह्यले, रुई उडून राह्यली, अन् आवाज नाही. स्वतःचा श्वास आयकू येत होता. मिनिटभर काहीच नाही. त्याले बरं वाटलं. म्हणे, नानाजी, मले रडूच आलं बरं वाटून. मशीनच होती मंग...

"भीमा."

हळू. भिंतीपलीकडून.

तो हलला नाही. तीस वर्षांची सवय. ओ द्यायची नाही.

"भीमा..."

गडी आपापल्या कामात. कोणीच मागं पाहत नव्हतं. त्यानं हेडफोन काढले. घों-घों. बाकी काही नाही. पुन्हा घातले.

तिसऱ्यांदा आवाज आला नाही.

वाट पाह्यली. नाही आला. तोंड उघडलेलं असावं अन् त्यात काही भरलेलं असावं, तसा एक घोगरा श्वास फक्त. मंग तोई नाही.

भीमराज जिवाच्या आकांतानं ओरडला, "ओ, सरदार! आलो!"

अन् मेन पाडला. पुरी लाइन बंद. गडी धावत आले, काय झालं, काय झालं. हा रुईच्या खोलीत घुसला. आत उजेड पिवळा. ढीग छताले लागलेला... पण एका अंगानं ढासळलेला. ताजा.

"आत कोण होतं?"

गडी ढिगाकडे पाहाले लागले.

"अरे, आत कोण होतं बे?"

"प्रेमसिंग," एकानं म्हटलं. "रुई लोटाले गेलता... पाच-दहा मिनिटं झाले असन."

प्रेमसिंग तांड्यावरचा. दोन लेकरं, घरी बायको रामीबाई. सगळे हातांनी उकराले लागले. रुई उकरणं म्हणजे पाणी उकरणं, जितकी काढा तितकी येते. भीमराज रडत उकरत होता. "आलो रे, आलो." आधी पाय लागला. गार. मंग हात. मंग डोकं.

जिता होता.

रुईत दबलेला माणूस दबून मरत नाही, नाकातोंडात रुई जाऊन मरते. पण प्रेमसिंगच्या नाकातोंडावर रुमाल बांधलेला होता. घट्ट. मागं दोन गाठी. चौकडीचा, जुना रुमाल, सरदार बांधे तसा. घंट्याभरानं तो बोलाले लागला. म्हणे, माहा रुमाल तर दाराच्या खिळ्याले आहे. पाह्यलं, होताच खिळ्याले. म्हणे, मी कोणाले आवाज दिला नाही, काका. ढीग अंगावर आला, तोंडात रुई भरली, घशापावेतो... मंग मले काही आठवत नाही.

पण रुमाल सोडला तेव्हा तोंड साफ होतं. मंग तोंडातली रुई काढली कोणी?

विचारू नका, मले माहीत नाही.

पहाटे फजरची अजान झाली तसा भीमराज तो रुमाल घेऊन रशीदाच्या दारात उभा राह्यला. म्हणाला, "भाभी, मी खोटं बोललतो. सरदारनं आवाज दिलता. मी आयकलता. तरी गेलो नाही." अन् तिच्या उंबरठ्यावर बसून लेकरासारखा रडला.

रशीदा म्हणाली, "दो साल से यही तो पूछ रही थी मैं." आवाजात राग नव्हता. तिनं रुमाल हातात घेतला. एक कोपरा हिरव्या दोऱ्यानं रफू केलेला होता. तिच्याच हातचा टाका. त्यावरून तिनं बोट फिरवलं, अन् तिचा चेहरा उतरला.

"ये तो पेटी में है, भाई."

आत गेली. भीमराज मागं. सरदारचे कपडे ठेवलेली पत्र्याची पेटी पलंगाखाली होती. कुलूप लावलेलं. त्यावर दोन वर्षांची धूळ. तिनं कमरेची किल्ली काढली. कुलूप गंजलेलं, भीमराजनं जोर लावला तेव्हा निघालं.

कुर्ते घडी केलेले. टोपी. मधात रुमालाएवढी जागा रिकामी.

रिकामी म्हणजे... तिथं मूठभर रुई होती. रशीदानं हात लावला, अन् मागं घेतला.

ओली होती. अन् गरम.