शेवटासाठी राखलेल्या कुप्या

केळुसकरांच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे अकरा कुप्या उभ्या होत्या. कोणी पाण्याची बाटली काढायला गेलं तरी केतकी आतल्या खोलीतून ओरडायची, "हळू!" एकेका कुपीत तिच्या बाबांची चाळीस मिनिटं होती.

औषधाचं नाव स्मृतिफवारा. बाबांचा विस्मरणाचा आजार नवा होता तेव्हाच त्यांच्या पेशी काढून ते बनवलं होतं. नाकात फवारलं की मेंदूतले तुटलेले दुवे चाळीस मिनिटांपुरते जुळायचे. तशा पेशी पुन्हा मिळणार नव्हत्या, म्हणून कुप्या बाराच. "फार साठवू नका," डॉक्टर देवस्थळी म्हणाल्या होत्या. "आजार वाढला की जुळवायला दुवेच उरत नाहीत. ते कधी होईल, आम्हालाही सांगता येत नाही." केतकीने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

पहिली कुपी दवाखान्यातच चाचणीसाठी वापरली. बाबांनी डोळे मिचकावले आणि म्हणाले, "केतू, केस कापलेस? बरे दिसतायत." मग दोघं कॅन्टीनमध्ये इडली खात भांडत बसले. विषय जुनाच, 'सप्तदुर्ग'.

रत्नागिरीत बाबांचा सायबर कॅफे होता तेव्हापासून बापलेक हा व्हिडिओ गेम खेळत आले होते. बाबांच्या योद्ध्याची झोळी संजीवनीच्या कुप्यांनी गच्च भरलेली असे. जीव जायची वेळ आली तरी पठ्ठ्या एक कुपी पिणार नाही. "शेवटच्या राक्षसाला लागतील," हे पालुपद. शेवटचा राक्षस मरायचा आणि झोळी तशीच भरलेली! केतकी त्यांना कंजूस म्हणायची. तिची स्वतःची झोळी काही वेगळी नसायची.

घरी येताना बाबा पुन्हा धुक्यात गेले, आणि चाळीस मिनिटं इडलीवर वाया गेली असं तिला वाटलं. पुढची कुपी काहीतरी मोठं घडेल तेव्हाच उघडायची, हे तिने तिथेच ठरवलं.

बाबांचा वाढदिवस आला. दादा आल्यावर बघू. दिवाळी आली, पण ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून दादाचं येणं लांबलं. एका दुपारी बाबा बाल्कनीत रडत उभे होते. "आमच्या घरी कोणीतरी कळवा हो," असं रस्त्यावरच्या माणसांना सांगत होते. केतकी धावत फ्रिजपर्यंत गेली. कुपी हातात घेतली, जरा वेळ धरून ठेवली, आणि परत ठेवून दिली. त्या दुपारबद्दल तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही.

दादा चैत्रात आला. सगळे बाबांभोवती बसले आणि केतकीने फवारा मारला. बाबा शिंकले.

"गार आहे हो, ताई," ते तिला म्हणाले.

दुसरी कुपी झाली, तिसरी झाली. चौथीकडे गेलेला तिचा हात दादाने धरला. फोनवर डॉक्टर हळूच म्हणाल्या, "दोन-तीन महिन्यांपूर्वी कदाचित..."

दादा परत गेला. एका सकाळी, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने बाबांच्या हातात गेमचा कंट्रोलर दिला. बोटांना सगळं येत होतं! योद्धा किल्ल्यात शिरला, वळणं घेत वर चढला, राक्षसासमोर उभा राहिला. घाव बसत गेले. उरलेला जीव दाखवणारी रेषा लाल झाली.

"बाबा, कुपी घे!"

अंगठा झोळीच्या बटणापाशी गेला आणि थांबला. "नको," बाबा ठामपणे म्हणाले. "शेवटी लागेल."

लेकीचं नाव गेलं होतं, हे मात्र गेलं नव्हतं.

"अरे बाबा, हाच शेवट आहे रे!" केतकीला हुंदका आवरेना.

योद्धा भरल्या झोळीसकट कोसळला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'पुन्हा सुरुवात करायची?'

बाबांनी ती सावकाश वाचली आणि तिच्याकडे वळून विचारलं, "ताई, काय दाबू?"