रंजिताला नारळ नको होता

"तीन चाकं हायत ना? मंग ऑटोचा रेट लागन!"

पार्किंगवाल्यानं पावत्यांचं बुक नाचवलं आणि रंजितानं आपल्या तीनचाकीचा ब्रेक खटकन ओढला. आर्णीबाहेरच्या मैदानावर कबड्डीचं एवढं मोठं रिंगण पहिल्यांदाच उभं राहिलं होतं. तिन्ही बाजूंनी फळ्यांच्या गॅलऱ्या, मधे निळी मॅट, चौथ्या बाजूला पाहुण्यांचं व्यासपीठ, आलुबोंड्याच्या गाड्या, भोंगे… आणि हा बाबा तिला दारातच अडवून बसला होता!

"ऑटोले इंजिन असते, दादा. हे मी हातानं फिरवतो. आता हाताचेही पैसे घेता काय?"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. रंजितानं मान वळवली. उंच, सावळा पोरगा. शर्टावर चुन्याचे डाग, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला – तोही तिरका. हसू दाबायला त्यानं ओठ मिटले होते, पण डोळे काही ऐकत नव्हते.

"जाऊ दे बे त्यायले," तो पार्किंगवाल्याला म्हणाला. "चाला ताई, मी तुमाले चांगल्या जागी बसवतो."

चांगली जागा! अहो, त्या दोन शब्दांनी घोळ केला. तिनं काही म्हणायच्या आत त्यानं चार पोरं बोलावली, हैशा करत तीनचाकीसकट तिला उचललं आणि थेट व्यासपीठावर नेऊन ठेवलं. तिथं मंडळाचे अध्यक्ष सदाशिवराव – हा पोरगा, रजत, त्यांचाच पुतण्या – माइक धरून उभेच होते. "अशा परिस्थितीतही खेळ पाहायला आलेल्या आपल्या भगिनीचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार!" टाळ्या कडाडल्या. भर दुपारी रंजिताच्या अंगावर लोकरीची शाल पडली, मांडीत नारळ आला, आणि समोर काय दिसत होतं? कुंड्या. कुंड्यांच्या पुढे पाहुण्यांच्या तीन रुंद पाठी.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती काही सत्काराला आली नव्हती. ती आली होती वर्षासाठी.

वर्षा तिची धाकटी बहीण, लदेणी संघाची चढाईपटू. त्यांच्या बंजारा तांड्याचे पूर्वज बैलांवर माल लादून मुलूखभर हिंडायचे, त्या लदेणीवरून पोरींनी संघाचं नाव ठेवलेलं. रंजिताचा डावा पाय लहानपणापासून अधू. मॅटवर ती कधी उतरली नाही. पण रेषेच्या कोपऱ्यात बसून या सगळ्या पोरींना घडवलं तिनंच. आणि तिची एक युक्ती होती. कोण कुठं सरकतंय हे ती कोपऱ्यातून बघायची आणि वर्षाला गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, ओरडून सांगायची. समोरच्या संघाला एक अक्षर कळायचं नाही!

आता कानाशी भोंगा कोकलत होता. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. वर्षा दर चढाईला बायांच्या गॅलरीकडे बघायची, बहीण दिसायची नाही, आणि ती बावरून परतायची. सामना कसाबसा एका गुणानं जिंकला.

खाली उतरवल्यावर रंजितानं नारळ रजतच्या हातात कोंबला.

"हा घ्या तुमचा मान. मले उचलाच्या आधी एकदा इचारलं असतं तं तुमचं काय बिघडलं असतं?"

"मले वाटलं ताई, तुमाले आराम –"

"अन् ताई काहून म्हणता? मी तुमची ताई कायची?"

रजतचे कान लालबुंद झाले. "मंग काय म्हणू?"

"रंजिता म्हणा. नाव ठेवलं हाय माह्या याडीनं."

नारळ मात्र त्यानं गुपचूप तिच्या पिशवीत परत ठेवला होता. घरी तिच्या आईनं, हंसाबाईंनी, तो बाहेर काढला आणि पोरीकडे बारीक डोळे करून पाहिलं. "नारळ तं आला. गूळ कवा येते वं?" तांड्यात सोयरीक ठरली की गूळ वाटतात. रंजिता म्हणाली, "याडी, तू बी ना!" आणि उगाचच भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी रजत दारातच उभा होता. बिल्ला सरळ लावलेला.

"आज इचारतो. कुठं बसाचं तुमाले?"

"तिथं." तिनं बायांच्या गॅलरीचा कोपरा दाखवला. अगदी रेषेजवळ, तांड्याच्या बाया-पोरी शिट्ट्या मारत बसल्या होत्या तिथं. पण मधे पाण्याची नाली खणलेली, पलीकडे चार उंच पायऱ्या. तीनचाकी जाणार कशी?

"उचलून –" तो म्हणाला आणि तिचा चेहरा पाहून जीभ चावली. "नाही. उचलून नाही."

शेवटी दोघं नालीच्या अलीकडे, गॅलरीच्या फटीतून सामना बघत राहिले. सत्तर रुपयांचं तिकीट काढून बायांच्या चपला बघायच्या! रजतनं आलुबोंडे आणले. तिखट मिरची तिला वाढली, मग हळूच स्वतःकडे घेतली.

"मिरची खात नाही मी असं वाटलं काय?"

"नाही… इचारलं नव्हतं म्हणून परत घेतली."

ती हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण मॅटकडे कमी आणि या माणसाच्या कानाजवळच्या चुन्याच्या ठिपक्याकडे जास्त बघतोय. तेवढ्यात फटीतून तिला दिसलं – समोरची कोपरारक्षक पुढे सरकली होती.

"वर्षाले सांगा लागते! धावता काय?"

तिनं गोरबोलीतले तीन शब्द त्याच्याकडून घोकून घेतले. रजत ते पुटपुटत निघाला, नाली उडी मारून ओलांडली, गर्दीत घुसला आणि रेषेजवळ जाऊन जिवाच्या आकांतानं ओरडला. काय ओरडला, देव जाणे! तांड्याच्या बाया पोट धरून लोळल्या, आणि चढाईला निघालेली वर्षा इतकी हसली की तिचा दमच तुटला. बाद! पुढच्या चढायांत पोरींनी कसंबसं सावरलं आणि संघ अंतिम फेरीत गेला.

"माह्यामुळं गुण गेला," रजत धापा टाकत परत आला. चेहरा पडलेला.

"गेला. पण तुमी धावले," रंजिता म्हणाली. मग खालच्या आवाजात, "उद्या मुकुटबनचा संघ हाय. लय तयारीच्या पोरी. उद्या मी वर्षाले दिसलो नाही, तं आम्ही हरतो… वर्षभर उन्हात घाम गाळला जी त्या पोरींनी."

रजत नालीकडे बघत राहिला, मग व्यासपीठाकडे.

रविवारी रंजिता आली आणि ब्रेक लावायचाच विसरली. नालीवर रुंद फळ्यांची वाट होती. पायऱ्यांच्या जागी फळ्यांचा सरळ उतार, रेषेजवळच्या कोपऱ्यापर्यंत. कडेला चुन्याची रेघही मारलेली – थोडी वाकडी. आणि व्यासपीठ? अर्धं गायब! सोफे मैदानात जमिनीवर मांडलेले, आणि सदाशिवराव कमरेवर हात देऊन पुतण्याला झाडत होते.

"अरे, पाहुण्यायले खाली बसवतो काय? माह्या इज्जतीचा फालुदा केला तू!"

"काका, फळ्या कमी होत्या. एक तं पाहुणे वर बसतीन, नाही तं खेळाडूची मास्तरीण आत जाईन. मी मास्तरीण निवडली."

मास्तरीण! रंजिताला भगिनी म्हटलं होतं, ताई म्हटलं होतं, बिचारी तर रोजच म्हणायचे. मास्तरीण कुणी म्हटलं नव्हतं. ती स्वतःच्या हातानं चाक फिरवत चढून गेली. कुणी उचललं नाही, कुणी ढकललं नाही, आणि बायांनी शिट्ट्यांनी रिंगण डोक्यावर घेतलं.

मग काय विचारता! रंजिताचा आवाज मॅटवर सपकन पोचायचा आणि वर्षा वाऱ्यासारखी वळायची. मुकुटबनच्या पोरी एकमेकींना विचारत होत्या, "काय म्हणते वं ते?" गुण मागे-पुढे होत राहिले. शेवटची चढाई उरली तेव्हा बरोबरी होती. मैदान चिडीचूप झालं. रंजिता एकच शब्द ओरडली. वर्षा डावीकडे झुकल्यासारखी झाली, उजवीकडे हात मारला आणि परत येऊन रेषेवर कोसळली.

जिंकल्या!

वर्षा धावत आली ती थेट बहिणीच्या गळ्यात. दोघी रडल्या, हसल्या, परत रडल्या. तिकडे सदाशिवराव सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवत होते. "लेका," ते पाहुण्यांना सांगत होते, "खालतून खेळ लय भारी दिसते! इतके वर्षं आम्ही वर बसून काय पाह्यत होतो?"

गर्दी ओसरली. उन्हं कलली. रजत उताराच्या टोकाशी घुटमळत होता. मग येऊन तिच्या शेजारी फळीवरच बसला. घसा खाकरला.

"तू… मन… आछी लागच."

तू मला आवडतेस. आणि तेही गोरबोलीत! उच्चार असे की तोंडात खडे भरलेत. रंजिताला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"कोणं शिकवलं?"

"वर्षानं. दोन प्लेट आलुबोंडे घेतले तिनं."

"अर्थ माहीत हाय काय?"

"अर्थ पह्यले इचारला. मंग पाठ केलं."

तिनं चाकावरची धूळ बोटानं पुसली. उगाचच. "हा बी सत्कारच तं नाही ना? तसं असंन तं आत्ताच सांगा. मले नाही सोसणार."

"सत्कार केला तवा तुमाले वर नेऊन एकटं बसवलं होतं," रजत म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मले तुमच्या बाजूले बसाचं हाय. रोज. तुमाले चालत असंन तं… इचारून राह्यलो."

"अन् काका?"

"रागावतीन. मंग तुमालेच सामन्याले घेऊन जातीन. खाली बसाले."

आता मात्र ती खळखळून हसली. मग तिनं पिशवीत हात घातला. तोच नारळ, परत करायला आणलेला! त्याच्या ओंजळीत ठेवला आणि तीनचाकीचं तोंड उताराकडे वळवलं.

"तांड्यात याल तवा हे नका आणू."

"मंग काय आणू?"

"गूळ."

रजतला जरा उशिरानं कळलं, आणि त्याचे कान परत लालबुंद झाले. तोवर ती उतारावरून निघालीही होती.

"किती आणू?" तो मागून ओरडला.

रंजितानं मागे वळूनही पाहिलं नाही. रेषेच्या कोपऱ्यातून द्यायची, त्याच खणखणीत आवाजात सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं तिनं उत्तर दिलं –

"पुऱ्या तांड्याले पुरन एवढा!"